कराडच्या घरातील संगणक आणि हरळीसारखे ॲडवेअर

गेल्या महिन्यात कराडला घरी गेलो, तेव्हा नानांचा संगणक पाहून मला काळजी वाटली. क्रोम उघडताच नेहमीच्या पानाऐवजी एक अनोळखी शोधपान येत होते, कोणताही शब्द शोधला की दोन-तीन भलत्याच पत्त्यांवरून फिरून मग जाहिरातींनी भरलेली उत्तरे दिसत होती, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहेत’ अशा लाल पाट्या सरकत होत्या. हे तीन आठवड्यांपासून चालू होते. आपल्याच हातून काहीतरी बिघडले अशी नानांची समजूत झाल्यामुळे फोनवर त्यांनी एकदाही हा विषय काढला नव्हता.

त्यांच्या हातून जे घडले, ते कोणाच्याही हातून घडले असते. निवृत्तीनंतर त्यांनी गावातील जुन्या विहिरींची माहिती जमवून संगणकावर लिहून ठेवली होती. ते सगळे लेखन युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असल्यामुळे नव्या संगणकावर केवळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसत होता. तो मजकूर वाचता यावा म्हणून फॉन्ट बदलून देणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर त्यांनी शोधले. त्या पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली सर्वांत मोठी हिरवी कळ म्हणजे प्रत्यक्षात एक जाहिरात होती. त्यातून उतरलेल्या इन्स्टॉलरने परवानगी मागितली, तेव्हा नानांनी ‘होय’ म्हटले. अशा इन्स्टॉलरमध्ये सोबत येणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या खुणा आधीच केलेल्या असतात आणि त्या काढण्याची सोय ‘कस्टम’ या पर्यायाआड ठेवलेली असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मीही सांगितले नव्हते.

पहिल्या दिवशी मी सगळेच करतात तसे केले. स्थापित सॉफ्टवेअरची यादी तारखेनुसार लावली, त्या दिवशी आलेली तीन अनोळखी नावे काढून टाकली आणि विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या व्हायरसरोधकाकडून पूर्ण तपासणी करून घेतली. काहीही सापडले नाही असा निर्वाळा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तर तेच शोधपान पुन्हा समोर होते. नाना म्हणाले, “अरे, ही हरळी आहे. वरून छाटून जायची नाही, मुळ्या खणाव्या लागतील.” पुढचा सगळा दिवस आम्ही मुळ्याच खणत होतो.

पहिली मुळी क्रोममध्ये होती. एक्स्टेंशनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, यादीत एक अनोळखी नाव होते, पण त्यापुढे काढून टाकण्याची कळच नव्हती, आणि मेनूच्या तळाशी हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो अशी ओळ होती. नानांच्या घरात कोणती संस्था आली? ही सोय मुळात कंपन्यांसाठी आहे. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ठरावीक एक्स्टेंशन सक्तीने बसवता यावे म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदींच्या साठ्यात) ‘पॉलिसीज’ या शाखेखाली गूगल आणि त्याखाली क्रोम अशी नोंद करता येते आणि क्रोम ती निमूटपणे पाळतो. ॲडवेअर, म्हणजे नकळत शिरून जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांनी हाच रस्ता वापरला होता. क्रोमचे पॉलिसीचे पान उघडल्यावर ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ या नावाची नोंद दिसली. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली आणि ती नोंद पुसली, तेव्हा कुठे ते एक्स्टेंशन काढता आले. कार्यालयातून मिळालेल्या संगणकावर मात्र अशा नोंदी खऱ्या असतात, त्यांना हात लावू नये.

तासाभरात ती नोंद परत आली. म्हणजे ती कोणीतरी पुन्हा लिहीत होते, आणि ते कोण हे कळल्याशिवाय पुसत बसण्यात अर्थ नव्हता. इथे मला सर्वाधिक उपयोग झाला तो ऑटोरन्स या छोट्या मोफत साधनाचा. संगणक सुरू होताना किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या गोष्टी विंडोजमध्ये कितीतरी ठिकाणी विखुरलेल्या असतात. रजिस्ट्रीतील ‘रन’ या नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सेवा, ठरावीक वेळी कामे चालवणारा टास्क शेड्यूलर, हे सगळे ऑटोरन्स एका जागी दाखवते. हे साधन सिसइंटर्नल्सचे आहे. मार्क रसिनोविच यांच्यासारख्या जाणकारांनी उभारलेला तो संग्रह मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये विकत घेतला आणि आजही तो त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की उरलेली यादी आवाक्यात येते. त्या यादीत ‘अपडेटर’ असे निरुपद्रवी नाव धारण केलेले एक काम होते. नाव जरी साधे असले, तरी ते नानांच्या खात्यातील ॲपडेटा फोल्डरमधली एक फाइल पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाकरवी दर तासाला चालवत होते. क्रोमची नोंद हेच काम लिहीत होते.

मग डिफेंडरला ती फाइल का दिसली नाही? या प्रश्नाचे उत्तर सापडले, तेव्हा मला खरोखर राग आला. डिफेंडरमध्ये काही फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोय असते, आणि त्या यादीत नेमका तोच फोल्डर होता. नानांनी म्हटलेल्या एका ‘होय’मुळे इन्स्टॉलरला प्रशासकाचे अधिकार मिळाले होते, आणि त्या अधिकारांच्या बळावर त्याने पहारेकऱ्यालाच त्या खोलीकडे पाहू नकोस असे सांगून ठेवले होते. पूर्ण तपासणीचा निर्वाळा म्हणूनच निरर्थक होता. संशय असलेल्या संगणकाची तपासणी करण्यापूर्वी ही वगळलेल्यांची यादी आधी पाहावी, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

यानंतर क्रम महत्त्वाचा होता. आधी राउटर बंद केला, म्हणजे नवे काही उतरणार नाही. मग टास्क शेड्यूलरमधील ते काम निष्क्रिय केले, वगळण्याची यादी रिकामी केली, ती फाइल हटवली, आणि सर्वांत शेवटी क्रोमची नोंद व एक्स्टेंशन काढले. हाच क्रम उलटा केला, तर मागे राहिलेला तुकडा बाकीचे सगळे पुन्हा उभे करतो. डेस्कटॉपवरील क्रोमच्या शॉर्टकटचे गुणधर्मही तपासले, कारण ‘टार्गेट’च्या चौकटीत शेवटी एक पत्ता चिकटवलेला असला तर ब्राउझर कितीही स्वच्छ केला, तरी ते पान उघडतच राहते. ब्राउझरला भलत्याच पत्त्यावर वळवू शकणारी होस्ट्स फाइल आणि प्रॉक्सीची सेटिंग ठीक होती. इंटरनेट पुन्हा जोडून डिफेंडर अद्ययावत केला आणि त्याची ऑफलाइन तपासणी लावली. त्यात संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला स्वतःचे रक्षण करायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागली आणि आणखी दोन फाइल सापडल्या. शेवटी ॲडक्लीनर हे ॲडवेअर काढणारे साधन चालवून किरकोळ अवशेष काढले.

एक्स्टेंशन तरीही एकदा परतले, पण या वेळी कारण वेगळे होते. नाना क्रोममध्ये आपल्या गूगल खात्याने प्रवेश करतात आणि खात्याशी जुळवलेली एक्स्टेंशन सिंक होऊन, म्हणजे खात्यातील प्रतीवरून, पुन्हा बसतात. सिंक बंद करून, खात्यात साठवलेली ती माहिती पुसून, मगच ते पुन्हा चालू केले.

आणि त्या लाल पाट्या? त्यांचा या सगळ्याशी संबंधच नव्हता. कधीतरी एका संकेतस्थळाला सूचना दाखवण्याची परवानगी दिली गेली होती आणि ते संकेतस्थळ तिचा वापर खोट्या भीतीसाठी करत होते. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली आणि दोन मिनिटांत काम संपले. नानांना सर्वाधिक भीती याच पाट्यांची वाटत होती.

मला मात्र खरी धास्ती त्या एक्स्टेंशनची होती. सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी त्याच्याकडे होती, आणि याच ब्राउझरमधून नाना निवृत्तिवेतनाचे खाते पाहत होते. ॲडवेअर आणि हेरगिरी करणारे स्पायवेअर यांच्यातील सीमा इथे पुसली जाते. म्हणून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मी माझ्या फोनवरून बदलला, कारण तेव्हा तो संगणक विश्वासाचा नव्हता. पासवर्ड बदलणे पुरेसे नसते, चोरलेल्या कुकीच्या (प्रवेश लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीच्या) आधारे जुने सत्र चालू राहू शकते, म्हणून सर्व उपकरणांवरून साइन आउट केले आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. खातेपुस्तकातील तीन आठवड्यांच्या नोंदी नानांनी एकेक करून तपासल्या. पैसे गेले नव्हते. गेले असते, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करायला हवा होता. बँकेची माहिती चोरणारा एखादा ट्रोजन (निरुपद्रवी रूपात शिरणारे घातक सॉफ्टवेअर) सापडला असता, तर मी साफसफाईच्या भानगडीत पडलोच नसतो. कागदपत्रे आणि छायाचित्रे बाजूला काढून विंडोज नव्याने बसवले असते.

एक धोका इथे सांगायलाच हवा. ॲडवेअरचे नाव शोधयंत्रात टाकले, की ते काढण्याचे ‘खास साधन’ देणारी कितीतरी पाने येतात आणि त्यांतील बरीचशी साधने स्वतःच त्याच जातीची असतात. घाबरलेला माणूस ती लगेच उतरवून घेतो. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून मोफत साधने उपलब्ध करून देते. कोणतेही साधन अशा ठिकाणाहून किंवा थेट निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

निघण्यापूर्वी नानांसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले एक साधे खाते तयार केले आणि डिफेंडरमधील नको असलेली ॲप्स रोखण्याचा पर्याय चालू केला. विहिरींचा मजकूर मी पुण्याला आणून युनिकोडमध्ये बदलून दिला. त्यातील काही जोडाक्षरे अजून चुकीची उमटली आहेत, ती नाना हाताने दुरुस्त करत आहेत. दर रविवारी फोनवर बोलताना नाना संगणकावर पॉलिसीचे पान उघडून मला वाचून दाखवतात. सलग तीन रविवार ते रिकामे आहे.