जड शब्दांची यादी

मंगळवार, रात्री उशिरा.

स्लोव्हाक भाषेच्या वर्गाचा गृहपाठ सोपा होता. बाईंनी कागद दिला. डावीकडे इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार, मधे त्यांचं स्लोव्हाक, तिसरा रकाना कोरा. विषय जडपणा. तिसऱ्या रकान्यात प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातलं एकेक वाक्य स्लोव्हाकमध्ये लिहून आणायचं. वर्गातल्या युक्रेनियन बायकांना इंग्रजी रकाना लागतच नाही, त्यांना अर्धं तसंच कळतं. इंग्रजीवर अवलंबून असलेले मी आणि तो व्हिएतनामी मुलगा.

सगळ्या ओळी भरल्या, एक राहिली. 'टु बी अ बर्डन ऑन समवन', शेजारी 'बित न्येकोमु ना त्यार्खू'. कुणाला तरी भार होणं. शब्द माहीत, विभक्ती मागच्याच आठवड्यात झालेली. तरी पेन पुढे सरकेना. चहा गार झाला. मग राग यायला लागला, आणि कशाचा ते कळेना, म्हणून झोपायचं सोडून हे लिहीत बसलेय.

बाकीच्या ओळी मजेत झाल्या होत्या. स्लोव्हाकमध्ये जड आणि अवघड दोन्हीला एकच शब्द, त्याश्की. पोतं त्याश्की, परीक्षा त्याश्की, आयुष्यही त्याश्कीच. इंग्रजीतला हेवी मात्र इथे आला की त्याची वाटणी होते. पाऊस जड नसतो, बलवान असतो. सारखी सिगरेट ओढणारा माणूसही बलवान (हे ह्याला सांगितलं, फार आवडलं). रस्त्यावरची गर्दी दाट. मन तेवढं जडच राहतं, आणि काळजी मिटली की काळजावरून दगड पडतो. आपल्याकडे धोंडा छातीवर ठेवतात, यांच्याकडे तो काळजावर, फरक एवढाच. वजनाचा शब्द वाहा, आणि त्यातूनच आलेला वाझेना, म्हणजे आदरणीय. सरकारी कचेरीतून पत्र येतं त्यावर मला 'वाझेना पनी' लिहिलेलं असतं. वजनदार बाई! इथे आल्यापासून ब्रेड, चीज आणि बटाटे खाऊन मी जी काही झालेय, ती पाहता सरकारला खबर लागलेली दिसते.

दुकानातही वजनच शिकावं लागलं आधी. हॅम, चीज, सॉसेज, काहीही मागायचं तर डेकामध्ये. एक डेका म्हणजे दहा ग्रॅम, वीस डेका म्हणजे दोनशे. आमची पावशेराची सवय. पंचवीस डेका मागितलं की काउंटरवरची बाई जरा थांबून बघते, वीस नाही, तीस नाही, पंचवीस. मी तिला पाव म्हणजे काय ते कशाला समजावू.

एक ओळ पोटुशी बाईसाठीच्या जुन्या शब्दाची होती, तोही त्यार्खातूनच निघालेला. आपणही अवघडलेली म्हणतोच. ती ओळ मी पटकन भरली आणि पुढे गेले.

तर ही राहिलेली ओळ. मला वाटतं आईचं रविवारचं बोलणं त्यात अडकलंय. आई फोनवर काही वेगळं बोलली नाही. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, "बरंय." दादानं बाई लावायचं ठरवलं होतं त्याचं विचारलं, तर म्हणाली, "कशाला? माझं माझं होतंय. हातपाय चालतायत तवर कुणाला ओझं नको." हे ती वर्षानुवर्षं म्हणते. मी दर वेळी "काहीतरीच काय" म्हणते आणि आम्ही भाज्यांच्या भावावर येतो. या वेळी मी "काहीतरीच काय" म्हटलं नाही. माझ्या तोंडात तेच वाक्य तयार होतं, माझ्यासाठी. ते तिला ऐकू गेलं की काय, असं मला उगाच वाटतंय.

कारण मी इथे ओझंच आहे. लिहून टाकलं. डॉक्टरकडे जायचं, ह्याची रजा. परदेशी नागरिकांच्या पोलिसांकडे कार्ड नव्यानं काढायचं, ह्याची रजा. बँकेत, ह्याची रजा. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरनं २०१८मध्ये इथे, स्लोव्हाकियातल्या नित्रात, गाड्या बनवायला सुरुवात केली नसती तर आम्ही हे शहर नकाशावरही शोधलं नसतं. ह्याला तिथे शिफ्ट आहे, मीटिंग आहे, माणसं आहेत. माझ्याकडे यादी आहे. पुण्यात पंधरा माणसांची टीम सांभाळणारी बाई इथे पाण्याच्या बिलाचा कागद हातात धरून नवऱ्याची वाट बघत दारात उभी असते. हा कधी बोलून दाखवत नाही, हे आणखी वाईट. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि पनी सुसेदा, म्हणजे शेजारीणबाई. परवा लिफ्ट बंद होती. मी दोन्ही हातात पिशव्या घेऊन जिन्यात दम खायला टेकले, तर ही मागून आली, काही न विचारता एक पिशवी काढून घेतली आणि पुढे निघाली. वय सत्तरीच्या पुढेच असणार. आमच्या क्लोकोचिना वस्तीतल्या या इमारतींमध्ये इतकी वर्षं चढ-उतार केलेल्या बायका आहेत या, त्यांना जिन्याचं काही वाटत नाही. माझ्या दारात पिशवी ठेवून म्हणाली, "हे काय जड?" मी थँक्यू म्हटलं आणि आत येऊन रडले. पिशवीत कांदे आणि दूध. यात रडण्यासारखं काय होतं?

बाबांमुळे असेल. बाबा मस्जिद बंदरला माथाडी होते, बाजार वाशीला हलल्यावर वाशीला. आमच्या जावळीतल्या निम्म्या घरांतले पुरुष तेच करायचे. माथाडी कायदा १९६९चा. आजोबांनी त्याच्या आधीचे दिवस काढले, मुकादम देईल ते घ्यायचं. बाबांच्या वेळेला बोर्डात नाव, फंड, बोनस. म्हणून आमच्या घरात देवांच्या फळीशेजारी अण्णासाहेब पाटलांचा फोटो. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन फळी चढणारा माणूस, पण घरी वजनाबद्दल एक अक्षर नाही. एकदाच मला दाखवलं होतं, पोतं हातांनी उचलायचं नसतं, त्याच्याखाली जायचं असतं. हातांनी उचलशील तर कंबर जाईल.

गावच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होता. इतर हक्काच्या रकान्यात. तो उतरवायचा, हे बाबांचं आयुष्यभराचं काम. उतरला त्या वर्षी त्यांनी तलाठ्याकडून कोरा उतारा आणून आईच्या हातात दिला, दागिना द्यावा तसा. गंमत म्हणजे इथे आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा घराचा उतारा हातात आला, त्यालाही अ, ब, क असे भाग. अ मध्ये मालमत्ता, ब मध्ये मालक, आणि क चं नाव 'त्यार्खी', बोजे. त्यात बँकेचं नाव. ह्याला काही वाटलं नाही, सगळ्यांचंच असतं म्हणाला. मला बाबांना फोन करावासा वाटला.

शेवटी बाबा केवढेसे राहिले होते. दादा एकटा त्यांना उचलून न्हाणीत न्यायचा. आणि बाबा दर वेळी दादाची माफी मागायचे. इतकी पोती वाहिलेला माणूस, त्याला वाहणं माहीत होतं, वाहून घेणं नाही. दादा एकदा चिडून म्हणाला होता, "बाबा, गप बसा की हो, तुमचं वजन तरी आहे का?" त्यानंतर दादाही बरेच दिवस नीट जेवला नाही.

आमच्या घरात सगळ्यांना हा रोग आहे. आईला आहे, दादाला असणार, मला तर लागलाच. दुसऱ्याचं वाहायला कधीही तयार. आपलं कुणी हातात घेतलं की मेल्याहून मेल्यासारखं. मी यात काही थोरपणा मानत होते आत्तापर्यंत. स्वाभिमान वगैरे. आज रात्री जरा शंका येतेय. बाबांनी माफी मागितली की दादाचं तोंड कसं व्हायचं ते मला दिसत होतं. आईनं "ओझं नको" म्हटलं की मला इथे काय होतं तेही मला माहीत आहे. म्हणजे जो ओझं व्हायला नको म्हणतो, तो समोरच्याच्या डोक्यावर एक वेगळंच ठेवून जातो. मग ह्याच्या डोक्यावर मी काय ठेवतेय? रजा टाकून आलेल्या माणसाला मी परत येईपर्यंत सॉरी सॉरी म्हणत असते. वैतागत असेल. मी वैतागले असते.

उन्हाळ्यात आम्ही तात्रा डोंगरांमध्ये रिसी शिखराखालच्या झोपडीपर्यंत गेलो होतो, ते आत्ता आठवतंय. झोपडी कसली, चांगलं दगडी घर आहे, २२५० मीटरवर. रस्ता नाही. तिथलं बरंचसं सामान माणसांच्या पाठीवरून वर जातं, डाळ-तांदूळ म्हणा, बियर म्हणा, सगळं. लाकडी चौकटीला सामान रचून बांधतात, डोक्याच्याही वर जाईल इतकं. त्या हमालांना इथे फार मान. लात्सो कुलांगा नावाच्या हमालानं झामकोव्स्की झोपडीपर्यंत २०७.५ किलो नेलं होतं, तो विक्रम मानतात. ह्यानं ते मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, बाबांची दोन पोती. आणि वर साडेसात किलो चिल्लर. पण बाबांचा विक्रम कुठे मांडणार, ते तर रोजचंच होतं.

तर तिथे खाली, पोप्रादच्या तळ्याकडून वाट वर चढते त्या बाजूला, झोपडीसाठीचं सामान बांधून ठेवलेलं असतं. ज्याला वाटेल त्या ट्रेकरनं एक उचलायचं, वर नेऊन द्यायचं. बदल्यात एक कप चहा. फुकट! लोक अक्षरशः चढाओढीनं उचलतात. मीही उचललं. वर पोचल्यावर खांदे निघून आले होते, आणि तो चहा मी असा प्यायले की जणू मला पद्मश्री मिळाली. झोपडीवाल्यानं माझी माफी मागितली नाही. "तुम्हाला त्रास दिला हो" असं काही म्हणाला नाही. कप पुढे सरकवला, झालं. त्यानं माफी मागितली असती तर माझा चहाच बेचव झाला असता.

पनी सुसेदाला मी त्या दिवशी चहाला बोलवायला हवं होतं का? दारातच थँक्यू करून कडी लावली मी. ती बिचारी तिथेच उभी होती बहुधा, थोडा वेळ.

गावातला त्सोरगोनही आठवला. वरच्या पेठेत क्लुख वाड्याच्या कोपऱ्याला दगडी पहिलवान आहे, आख्खा कोपरा खांद्यावर घेतलेला. गोष्टीत तो नित्राचा लोहार, तुर्कांवर किल्ल्यावरून धोंडे फेकणारा. त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून इच्छा मागतात. एवढी इमारत डोक्यावर आहे ती कमी, म्हणून वर लोकांच्या इच्छा. कुणी त्याला विचारत नाही बाबा, तुला चालेल ना. मीही गेल्या वर्षी अंगठा धरून मागितलं होतं. काय ते असो.

बुधवार, संध्याकाळ.

ओळ अजून कोरीच आहे. वर्ग उद्या आहे.

सकाळी पनी सुसेदा दारात. मला वाटलं मागच्या वेळच्या जॅमच्या बरण्या मागायला आली, काचेच्या बरण्या इथे परत द्यायच्या असतात, ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती आणि माझ्याकडे तिच्या बऱ्याच जमल्यात. पण तिचं काम वेगळं होतं. हिवाळ्याचे बटाटे आलेत, पंचवीस किलोचं पोतं खाली दारात टाकून माणूस गेला, तळघरात न्यायचंय, तुझा नवरा कधी येतो?

मी म्हटलं, नवरा कशाला.

खाली गेले. टॉवेलची चुंबळ केली. पाठ वळवून पोत्याखाली गेले, सांगितलं होतं तशी. उठले. पनी सुसेदा मागून ओरडतेय, अगं कंबर, अगं थांब, मी दुसरं टोक धरते. मी तिला टोक धरू दिलं. त्यानं वजन कमी झालं नाही, उलट पोतं एका बाजूला कलायला लागलं, जिन्यात दोघींची तारांबळ. पण धरू दिलं. तळघरात पोतं टेकवल्यावर ती हसत सुटली, मग मीही. तिनं घरी नेऊन कॉफी दिली, प्लमची पोळीसारखी वडी दिली, आणि मी नेहमीचं काही बोलले नाही, सॉरी नाही, उगाच त्रास घेतलात नाही. दोनदा खाल्लं.

दुपारपर्यंत आख्ख्या जिन्यात बातमी. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा ह्याला लिफ्टमध्ये भेटले आणि विचारलं, तुमची बायको पोती नेते म्हणे, आमचीही दोन येणार आहेत शनिवारी.

हा घरात शिरल्याशिरल्या म्हणाला, आधी माथाडी बोर्डात नाव नोंदव.