ग्रासोबाईंनी राज्य बंद केलं ती रात्र

सोमवार, ६ फेब्रुवारी १९७८. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या राजधानीत, हार्टफर्डमधल्या एका रुग्णालयात मी रेसिडेंट होतो. संध्याकाळी मला सोडवायला येणारा डॉक्टर काही उगवला नाही. कसा उगवणार? बर्फ कोसळतच होता, आणि वारा असा की खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्याही दिसेनात. रात्री रेडिओवर बातमी आली: गव्हर्नर, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुख, एला ग्रासो यांनी राज्यातले रस्ते वाहतुकीला बंद केलेत.

हृदयविकाराचा एक साठीचा पेशंट ते ऐकून उसळलाच. "बंद करण्यापलीकडे हिला येतं काय? आधी माझी नोकरी बंद केली, आता रस्ते!"

त्याचा राग खोटा नव्हता. तिजोरीत खडखडाट होता म्हणून १९७५च्या नाताळाच्या तोंडावर ग्रासोबाईंनी ५०५ सरकारी नोकरांना घरी बसवलं होतं, त्यातला हा एक. मी मनगट धरून बसलो होतो, नाडी बोटाखाली पळायला लागली. तेवढ्यात पलीकडून नर्स ओरडली, "स्वतःची ७,००० डॉलरची पगारवाढ तिनं तिजोरीत परत भरली, तेही सांगा की डॉक्टरांना!" या नर्सचे आईवडील इटलीहून आलेले, गव्हर्नरांचेही तसेच. त्यामुळे बाईंचा अख्खा प्रवास तिला तोंडपाठ.

पेशंटला झोपेची गोळी दिली आणि उरलेली रात्र मी तो प्रवास ऐकला. विंडसर लॉक्स या छोट्या गावातली मुलगी, १९५२ साली राज्याच्या विधिमंडळात निवडून आली. मग बारा वर्षं राज्याची सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि सरकारी दफ्तर सांभाळणारं पद), मग दोनदा वॉशिंग्टनला देशाच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, आणि १९७४ साली गव्हर्नर. एकही निवडणूक हरलेली नाही. तिच्याआधी अमेरिकेत तीन बायका गव्हर्नर झाल्या होत्या, पण तिघींचेही नवरे आधी त्याच खुर्चीवर बसून गेलेले. मी जरा तोऱ्यात म्हटलं, आमच्याकडे बाई पंतप्रधान होऊन गेली. "हो, पण तिचे वडील कोण होते?" नर्सनं विचारलं. नेहरूंचं नाव घ्यावं लागलं. ती नुसती हसली.

मंगळवारी कळलं की बाईंची गाडी बर्फात रुतली, तेव्हा त्या उतरून चालत आर्मरीत, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या इमारतीत, पोहोचल्या आणि तिथूनच सगळी सूत्रं हलवताहेत. पेशंट या वेळी काही बोलला नाही. रेडिओचा आवाज तेवढा वाढव म्हणाला.

बंदी तीन दिवस चालली. तिचा उपयोग आम्हाला वॉर्डातून दिसत होता. रुतलेल्या गाड्या आडव्या पडल्या की बर्फ काढणारी यंत्रं पुढे सरकत नाहीत, आणि त्यांच्यामागे अँब्युलन्स अडकते. रस्ते मोकळे होत गेले तशा आमच्या नर्सेस नॅशनल गार्डच्या, म्हणजे त्याच राखीव सैन्याच्या, जीपमधून यायला लागल्या. छातीत दुखतंय म्हणून येणारे मात्र येतच राहिले, कारण लोक घरी बसून दारातला बर्फ उपसत होते. फावड्यावर बंदी घालणं कुठल्या गव्हर्नरला जमणार?

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या पुन्हा निवडून आल्या. बर्फानं त्यांना तारलं, असं तेव्हा पुष्कळजण म्हणत. मला ते अर्धंच खरं वाटतं. नव्या इन्कम टॅक्सला ठाम नकार देत आलेली बाई मतदारांना आधीपासून ठाऊक होती. आमचा पेशंट आउटपेशंटला आला तेव्हा त्यानं न विचारताच सांगितलं, "चालत गेली, ते चांगलं केलं. मत मात्र मी सरासिनलाच दिलं." सरासिन म्हणजे त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार.

१९८०च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कर्करोगामुळे बाईंनी राजीनामा जाहीर केला. पुढच्या ५ फेब्रुवारीला त्या गेल्या. राजीनाम्याच्या त्या दिवसांत तो पेशंट पुन्हा तपासणीला आला होता. मी जणू त्यांचाच डॉक्टर असल्यासारखं त्यानं विचारलं, "तिच्यावर उपचार नीट चाललेत ना?" आणि रक्तदाब मोजून होईपर्यंत ५०५ जणांचा विषय पुन्हा काढलाच.