बारशी लाइटच्या वाटेवरचं एक बंद स्टेशन

मिरजेहून आरग, बेळंकी, सलगरे करत कवठेमहांकाळकडे निघालो. बारशी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी या वाटेने १९२७ साली मिरजेला पोचली. आता इथे ब्रॉडगेज आहे, भोवती द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड.

वाटेत एका जुन्या दगडी स्टेशनपाशी थांबलो. गावाला तिथे अभ्यासिका हवी आहे. जागा रेल्वेची, लेखी परवानगी हातात येईपर्यंत एक कौलही हलवायचं नाही.

असं दुरुस्तीचं काम बहुतेक ठिकाणी रंगापासून सुरू होतं, आणि तिथेच फसतं. आधी छप्पर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. उताराच्या मापाने हे छप्पर ६० चौरस मीटर भरेल, म्हणजे ९००. तूटफूट धरून हजार. गोम आहे ती रिपांच्या, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांच्या अंतरात. कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव दिसतं. इथे दोन नावं सापडली. साचा वेगळा, त्यामुळे खाचा बसत नाहीत. दामटून बसवली तर पहिल्याच वळवाला पाणी आत. एकाच छापाची दहा-बारा कौलं जमिनीवर ओळीने जुळवायची, एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजायची, सरासरी काढायची आणि मग रिपा ठोकायच्या. दुसऱ्या छापाची कौलं पलीकडच्या उतारावर.

भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, कुणीतरी सिमेंटने भरल्यात. ओल बाहेर पडेना म्हणून ती आतल्या गिलाव्यातून निघते. कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, लागलाय, बोट लावलं की पापुद्रा हातात येतो. हे सिमेंट छिन्नीनेच काढावं. ग्राइंडरने दगडाची कड उडते. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान इंचभर खोल मोकळी करायची, भिंत भिजवायची, मग एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू. पायथ्याला त्यातल्या एका भाग वाळूऐवजी सुरकी, म्हणजे विटांची पूड. वर आठवडाभर ओली पोती. मे महिन्यात चुना करपतो, पावसात धुपतो. दिवाळीनंतरचं हे काम.

तुळयांची भिंतीत गेलेली टोकं पेचकसाने टोचून पाहावीत. मधला भाग ठणठणीत असला तरी कुज तिथूनच सुरू होते.

फलाटाच्या अंगाला २५ हजार व्होल्टची तार आहे. तिकडची परांची रेल्वेच्या देखरेखीशिवाय बांधायची नाही. त्या बाजूचं दारही कायमचं बंद, येणंजाणं गावाच्या बाजूने. तिकिटाची खिडकी मात्र बुजवू नये, पुस्तकं द्यायला-घ्यायला अगदी नेमक्या उंचीवर आहे.