६० हजारांत रनवे २५

इंदूरच्या विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर संध्याकाळी उभं राहिलं की विमान नंतर दिसतं, आधी त्याचे दिवे दिसतात. शहराच्या बाजूने येणारं विमान रनवे २५ वर, म्हणजे २५ नंबरच्या धावपट्टीवर उतरतं. २५ म्हणजे होकायंत्रावर साधारण २५० अंश, नैर्ऋत्येच्या जरा पश्चिमेला. नवरात्रात आई-बाबांबरोबर तिथल्या जत्रेला जायचो तेव्हा पाळण्यात बसायचं सोडून मी त्या दिव्यांकडेच बघत असे. पुढे एका मित्राच्या घरी पेंटियम कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर ९८ पाहिलं, पडद्यावर विमान उडवायचा खेळ. ते सुरू व्हायचं शिकागोच्या मेग्ज फील्डवर, तळ्याकाठच्या छोट्याशा धावपट्टीवर. खरं मेग्ज फील्ड २००३ मध्ये उखडलं गेलं, पण त्या धावपट्टीवरून उजवीकडे वळताना तळ्याचं पाणी कसं दिसायचं ते मला आजही आठवतं.

मग दुकान, संसार, मुलांच्या शाळा. राजेंद्र नगरातलं माझं औषधांचं दुकान रात्री साडेदहाला बंद होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ठरवलं की रात्रीचा एक तास आपला, आणि त्या तासात आपण कॉम्प्युटरवर उडायचं. त्यासाठी नवं मशीन जोडायचं, म्हणून घरी बसून हिशेब केला. ६० हजार निघत होते. फुल एचडी मॉनिटर घरात होताच.

बाजारात विचारायला गेलो तर प्रत्येक दुकानात ग्राफिक्स कार्डाबद्दल एकच उत्तर: ‘भैया, गेम के लिए कार्ड बड़ा लो, बाकी सब चल जाएगा.’ मारधाडीच्या खेळांसाठी हे बऱ्याच अंशी बरोबर असेल. विमानासाठी नाही, आणि हे मला खरेदीच्या आधी कळलं ते भाच्यामुळे.

भाचा सुदामा नगरात राहतो. त्याच्याकडे आय३-१२१००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. त्याच्या मशीनवर आम्ही मायक्रोसॉफ्टचं २०२० चं सिम्युलेटर लावलं, एअरबस ए३२० मुंबईच्या विमानतळावर उभं केलं, आणि त्यातला डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात तो, बघितला. चौतीसच्या आसपास. भाचा म्हणाला, “मामा, आता रिझोल्यूशन कमी करून बघ.” १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डावरचा भार निम्म्याहून कमी झाला, पण आकडा तिथेच. वर लिहून येत होतं: मेनथ्रेडमुळे (प्रोसेसरवरच्या कामाच्या मुख्य धाग्यामुळे) अडलंय. म्हणजे कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. मग सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन इंदूरला आलो, तर आकडा पन्नाशीपार गेला. काय उडवणार आणि कुठे उडवणार यावर मशीन ठरतं, हे त्या अर्ध्या तासात दिसलं. ज्यांना असं मशीन घ्यायचं आहे त्यांनी कुणाकडे तरी जाऊन ही एवढी चाचणी करावीच. फुकट आहे.

कारण असं की विमान उडवणं हा हिशेबाचा खेळ आहे. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरचं उदाहरण घ्या. ते पंखाचे छोटे छोटे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती ते सेकंदाला अनेकदा मोजतं. त्यात कॉकपिटमधल्या पडद्यांची गणितं, वारा, ढग, दुसरी विमानं. यातलं बरंचसं काम एकाच मुख्य धाग्यावर येऊन पडतं, प्रोसेसरच्या दहा कोअरांत, म्हणजे काम करणाऱ्या दहा भागांत, सारखं वाटलं जात नाही. म्हणून एकेका कोअरचा वेग आणि प्रोसेसरच्या आतली, झटपट हाताशी येणारी कॅशे मेमरी इथे कामाला येते.

मी एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतला. सहा कोअर, ३२ एमबी कॅशे, ६५ वॉट, डब्यात कूलरही येतो. दुकानदार ५६००जी द्यायला बघत होता, ‘यात ग्राफिक आतच आहे’ म्हणून. नावात एका अक्षराचा फरक, पण जीमध्ये कॅशे निम्मी, १६ एमबी. वेगळं कार्ड लावायचं ठरलं असेल तर आतलं ग्राफिक पडूनच राहतं आणि कॅशे मात्र कायमची गेलेली असते. भाच्याचा आय३ त्याहून स्वस्त होता आणि त्याच्या पैशांत उत्तम आहे. तरी मी एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) धरला, कारण उद्या त्याच बोर्डावर ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसतो आणि त्याची कॅशे ९६ एमबी आहे. सिम्युलेटरला त्याचा फार मोठा फायदा होतो. बोर्ड म्हणून बी५५० घेतला, तोही याच विचाराने.

कार्डासाठी २० हजार ठेवले होते. त्यात आरएक्स ६६०० आलं, ८ जीबीचं. जुने जाणकार सांगतात की एक्स-प्लेनसाठी एएमडीचं कार्ड नको. ते ओपनजीएलच्या काळात खरं होतं; सिम्युलेटर कार्डाशी ज्या भाषेत बोलतं ती जुनी पद्धत. २०२० मध्ये ११.५० आवृत्तीत व्हल्कन ही नवी पद्धत आली आणि चित्र बदललं. शिवाय हे कार्ड १३२ वॉटमध्ये भागवतं. माझी खोली वर, स्लॅबखाली आहे. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असतो तेव्हा मशीनमधून निघणारा प्रत्येक वॉट अंगावर येतो. म्हणून कॅबिनेटही पुढून जाळी असलेलंच घेतलं. काचेची शोभा सोडून दिली.

रॅम ३२ जीबी, पण १६-१६ च्या दोन स्टिक. एका दुकानात मला एकच स्टिक देत होते, ‘नंतर दुसरी लावा’ म्हणून. एका स्टिकवर मेमरीचा रस्ता अर्धा होतो आणि सिम्युलेटर झटके खातं. त्याच दुकानाच्या कच्च्या बिलावर ‘एसएमपीएस ४५० वॉट’ (वीजपुरवठ्याचा डबा) एवढंच लिहिलेलं, ना कंपनी ना मॉडेल. मी तिथून उठलो. औषधांच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर नाव नसलेली पट्टी मी गिऱ्हाइकाला देत नाही, आणि घेतही नाही. ज्या भागातून सगळ्या भागांना वीज जाते तो बिननावाचा कसा घ्यायचा? शेवटी ५५० वॉटचा, वीज कमी वाया घालवण्याचा ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घेतला.

एसएसडीवर मात्र हात आखडला. १ टीबीऐवजी ५०० जीबी. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या सिम्युलेटरसाठी १५० जीबी जागा सांगितली आहे, ती त्यात बसते, आणि फोटो-बिटो जुन्या हार्ड डिस्कवर. एसएसडीने सुरू व्हायचा वेळ वाचतो, फ्रेम वाढत नाहीत. वाचलेल्या पैशांतून जॉयस्टिक आली, जिचा दांडा पिळला की रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, फिरतो. यावर माझं ठाम मत आहे: कार्ड एक पायरी खाली चालेल, पण कीबोर्डवर विमान उतरवू नका. उतरताना हाताला मिलिमीटरभराचा फरक देता आला पाहिजे, आणि कीबोर्डाच्या बटणाला तो येत नाही.

५५ हजार मशीनला, ५ जॉयस्टिकला. बरोबर ६०.

जोडणी भाच्याने आणि मी एका रविवारी केली, सकाळी पोहे खाऊन बसलो ते दुपारी तीनला उठलो. पहिला आठवडा विमान थोडं अडखळत होतं. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं की झालं, पण हे कुणी आपणहून सांगत नाही. रायझनचा आतला वेगही रॅमशी बांधलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडून फरक पडला.

आणि फ्रेम मी ३० वर बांधून ठेवल्या आहेत. भाच्याला हे पटत नाही, त्याला साठ हवेत. पण कधी पन्नास कधी बावीस असं होत राहिलं की नेमकं धावपट्टीजवळ विमान हिसका देतं आणि हाताचा अंदाज चुकतो. एकसारख्या तीसवर हात स्थिर राहतो.

काल रात्री मुंबईहून आलो. शहर ओलांडून पूर्वेला गेलो, वळलो, आणि २५ समोर धरली. इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे उंचीचा काटा दोन हजारांवर आला तेव्हा जमीन जेमतेम दीडशे फुटांवर होती. डावीकडून वारा होता. दांडा थोडा पिळून नाक सरळ केलं, आधी डावं चाक टेकलं, मग उजवं. आकडा तीसवरून हलला नाही.