निळ्या आणि काळ्या अक्षरांमधले अंतर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने घरी न्यायचे सूचनापत्रक मी एका नेत्र रुग्णालयासाठी तयार केले होते आणि ते लोकांच्या हातात कसे वाचले जाते हे पाहण्यासाठी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात बसले होते. नेहमीच्या सूचना काळ्या अक्षरांत होत्या. डोळा चोळू नये, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, दुखणे वाढल्यास ताबडतोब यावे, या ३ ओळी संस्थेच्या बोधचिन्हातल्या गडद निळ्या रंगात होत्या. अक्षरांचा आकार आणि जाडी मात्र सर्वत्र एकच, ११ पॉइंट रेग्युलर.

आदल्या दिवशी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांनी पत्रक आधी त्या डोळ्याने आणि मग तो झाकून डाव्या डोळ्याने पाहिले. ते म्हणाले, "ताई, या डोळ्याला ह्या तीन ओळी निळ्या दिसतात. त्या डोळ्याला सगळंच काळं आहे."

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट, तपकिरी होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. म्हणून गडद निळा रंग काळ्यात मिसळून जातो. ज्यांच्यासाठी पत्रक होते, त्यांच्याच डोळ्यांचा हा गुणधर्म मी विचारात घेतला नव्हता. कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, मी मोजला होता. संकेतस्थळांवरच्या मजकुरासाठी सांगितलेल्या ४.५:१ या किमान प्रमाणापेक्षा तो कितीतरी अधिक होता. पण ते माप अक्षर आणि कागद यांच्यातले होते, इशाऱ्याचे अक्षर आणि शेजारचे साधे अक्षर यांच्यातले नव्हते. शिवाय मी, मुद्रितशोधक आणि व्यवस्थापक, प्रूफ मंजूर करणाऱ्या आम्हा तिघांचेही डोळे निरोगी होते.

आम्हा डिझायनरांना कॉन्ट्रास्ट शिकवला गेला तो बहुतेक इंग्रजी पोस्टरांवरून, आणि शिकवणाऱ्यांची ही उणीव मला आजही खटकते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत आणि तिरपा टाइप तिच्या वळणाचा नाही, त्यामुळे जाडी, आकार आणि मोकळी जागा यांच्यावरच सारा भार येतो. मी मुंबईतच घडलेला 'मुक्त' हा फाँट घेतला. त्याच्या ७ जाड्यांपैकी रेग्युलरशेजारी मीडियम ठेवून पाहिला, तेव्हा फरक हाताच्या अंतरावरूनही जाणवेना. म्हणून थेट एक्स्ट्राबोल्ड घेतला. इतक्या जाडीत 'ष', 'क्ष', 'थ' यांच्या पोटातली पोकळी आवळते, त्यामुळे त्या ओळी १५ पॉइंटला नेल्या आणि वेलांट्या व उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधले अंतर वाढवले. त्यांच्याभोवती कोरी जागा सोडली आणि रंग काढून टाकून पूर्ण पत्रक एकाच काळ्या शाईत छापून तपासले.

नवे पत्रक मान्य झाले, पण जुना साठा संपेपर्यंत तोच वाटायचा असे रुग्णालयाने ठरवले. हा निर्णय मला पटला नाही. उरलेल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर त्या ३ ओळींभोवती मी आणि तिथल्या एका परिचारिकेने जाड काळ्या मार्करने चौकट काढली. त्याला दोन दुपारी लागल्या.