तुम्ही विचारलंत म्हणून: इतके डोस लक्षात कसे राहतात?

"सिस्टर, एवढ्या औषधांचे डोस तुमच्या लक्षात तरी कसे राहतात?" वॉर्डात नव्याने आलेल्या विद्यार्थिनी हे विचारतात, पेशंटचे नातेवाईकही विचारतात. खरं सांगायचं तर मी ते लक्षात ठेवतच नाही. या कामाला २२ वर्षं झाली, तरी प्रत्येक वेळी चार्ट वाचते, लेबल वाचते, शंका आली तर पुस्तक उघडते. पाठ आहे असं वाटू लागलं की मला उलट भीती वाटते.

ही भीती हेपॅरिनच्या एका व्हायलपासूनची, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीपासूनची आहे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून हे औषध देतात. ऑर्डर ५,००० युनिटची होती. आमच्याकडे नेहमी एका एमएलमध्ये १,००० युनिट असलेली ५ एमएलची व्हायल यायची, म्हणजे अख्खी व्हायल सिरिंजमध्ये ओढली की डोस तयार. त्या दिवशी कपाटात दुसरी आली होती. आकार तोच, ५ एमएलचीच, पण एका एमएलमध्ये ५,००० युनिट. मी हाताच्या सवयीने सगळी ओढली. सिरिंजमध्ये २५,००० युनिट होते, पाचपट.

हेपॅरिन दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम होता. मी तोंड उघडलं तोच ती म्हणाली, "थांब, आकडा सांगू नकोस. ऑर्डर आणि व्हायल दे." तिने स्वतः वाचलं, स्वतः हिशेब केला आणि म्हणाली, "एक एमएल." मी हातातल्या भरलेल्या सिरिंजकडे बघत राहिले. "पाच एमएल बरोबर आहे ना गं?" असं मी विचारलं असतं आणि घाईत ती "हो" म्हणाली असती, तर? दोघींनी मिळून एकच चूक केली असती. पेशंटपर्यंत काही पोचलं नव्हतं, तरी आम्ही ते लिहून वर कळवलं, कारण ते कपाट पुढच्या पाळीतही कुणीतरी उघडणारच होतं. मग दोन्ही व्हायली वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या.

पेशंटला मी "तुम्ही अमुकच ना?" असं विचारत नाही, त्याचंही कारण हेच. गुंगीतला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता भिडस्त माणूस कशालाही मान डोलावतो. म्हणून "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणते आणि ते हातातल्या पट्टीशी ताडून बघते. तिसऱ्यांदा विचारल्यावर काहींना राग येतो. येऊ दे.

लिहिण्याचंही तसंच. दशांश चिन्ह पुसट झालं की १.० चे १० होतात, म्हणून नुसतं १ लिहायचं. .५ चे ५ होतात, म्हणून ०.५. इन्सुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी 'यू' काढला तर तो शून्यासारखा दिसतो, तिथे 'युनिट' हा पूर्ण शब्दच हवा.

मग फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, शिकायची कशाला, असं मुली विचारतात. आकडा पुस्तकात सापडतो. पण तो आज, या माणसाला चालेल का, हे पुस्तक सांगत नाही. हृदयाचा त्रास असलेले एक आजोबा होते. त्यांना हृदयाचे ठोके सावकाश करणारं डिगॉक्सिन चालू होतं आणि सूज उतरावी म्हणून फ्युरोसेमाइड. चार्ट अगदी बिनचूक होता. सकाळी गोळ्या घेऊन गेले आणि सहज विचारलं, "जेवण कसं जातंय?" म्हणाले, "दोन दिवस अन्न नकोसं वाटतंय, मळमळतं." फ्युरोसेमाइडमुळे लघवीतून पोटॅशियम जातं. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनची हृदयावरची पकड वाढते, आणि मग नेहमीचा डोसही विषासारखा वागू शकतो. भूक जाणं, मळमळणं ही त्याची सुरुवातीची खूण असते. मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. ५२ भरले. मोठ्या माणसाचे ठोके ६० च्या खाली असतील तर डिगॉक्सिन थांबवून डॉक्टरांना कळवायचं असतं. कळवलं. रक्त तपासायला गेलं, पोटॅशियम कमीच निघालं.

आजोबांची त्या सकाळची गोळी पाकिटातच राहिली. चार्टवर तिच्या वेळेसमोर मी 'दिली नाही' असं लिहिलं, त्याखाली कारण आणि ठोके ५२.