केझारला काय बघायचंय?

सॅन फ्रान्सिस्कोला जाणार म्हटलं की सगळे एकच यादी हातात ठेवतात. ब्रिज, पिअर 39 वरचे सी लायन, ती वाकडीतिकडी लोम्बार्ड स्ट्रीट. आम्ही सगळं केलं. ब्रिज धुक्यात अर्धाच दिसला, सी लायनचा वास मात्र पूर्ण आला, आणि गर्दी एवढी की त्यापेक्षा आपली तुळशीबाग निवांत. योसेमिटीवर इतक्यांनी लिहून ठेवलंय की मी काही लिहीत नाही. भारी आहे, पार्किंग मिळत नाही, संपलं.

मला लिहायचंय केझार स्टेडियमबद्दल.

दादा (माझा मावसभाऊ, फ्रीमाँटला असतो) म्हणाला, "तिथे काय बघायचंय? मोकळं ग्राउंड आहे." वहिनीने आउटलेट मॉलचा बेत आधीच ठरवून ठेवलेला. पाहुणचार म्हणजे खरेदी असं तिकडे का झालंय देव जाणे, मला त्या सेलमधल्या पर्सेस बघून दम लागतो. शेवटी भाच्याने माझी बाजू घेतली. तो शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळतो, म्हणजे तो हेल्मेटवाला, आणि तिथे खेळणाऱ्या एका जुन्या कॉलेज टीमची सगळी गोष्ट मला त्यानेच आदल्या रात्री जेवताना सांगितलेली.

तर केझार आहे गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यात. जुलैत गेलो आणि वारा असा की मी दादाचं जॅकेट मागून घेतलं. पूर्वी इथे जवळपास 60,000 माणसं बसायची, ते जुनं स्टेडियम 1989 ला पाडलं, आता आहे ते छोटं, त्यात लोक ट्रॅकवर पळतायत, एक बाई बाळाची गाडी ढकलत जॉगिंग करतीये, वर सीगल ओरडतायत. मैदानाला बॉब सेंट क्लेअरचं नाव दिलंय. हा पावणेसात फुटी माणूस शाळेपासून प्रोफेशनल होईपर्यंत इथेच खेळला आणि कच्चं मांस खायचा. कच्चं! वहिनीने तोंड वाकडं केलं.

हा बॉब 1951 च्या युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या टीममधला. टीमचं नाव डॉन्स, कोच जो कुहारिक. जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्री लोकांचं छोटंसं कॉलेज, पैशाची बोंब, पण उन्हाळ्यात कॉर्निंग नावाच्या गावात मरणाच्या उकाड्यात सराव करून पोरं अशी तयार झाली की त्या सीझनला 9 पैकी 9 मॅच जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला 32-26 हरवलं, त्यात ऑली मॅटसनने दोनदा किकऑफचा बॉल पकडून थेट पलीकडे नेला. मॅटसन त्या वर्षी बॉल घेऊन 1,566 यार्ड पळाला, देशात सगळ्यात जास्त. याच टीममधला जिनो मार्केटी तर दुसरं महायुद्ध लढून आलेला गडी.

आता एवढं जिंकल्यावर नववर्षाच्या मोठ्या बाउल मॅचला (सीझन संपल्यावर निवडक टीम्सना आमंत्रण देऊन होते ती) बोलवायला नको? त्यातून कॉलेजला पैसेही मिळाले असते, आणि त्या पैशाची कॉलेजला गरजच होती. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडून निरोप आला की या, फक्त मॅटसन आणि बर्ल टोलरला घरी ठेवून या. दोघं काळे. टीमने नाही म्हणून सांगितलं. भाचा म्हणाला, त्यावर मोठी चर्चाबिर्चा झालीच नाही, ते दोघं नाहीत तर कुणीच नाही, विषय संपला. मग बाउलला घेतलं नाही त्याचं वरवर कारण काय दिलं गेलं, तर म्हणे यांचे प्रतिस्पर्धी सोपे होते. आणि त्या सीझननंतर खर्च झेपेना म्हणून कॉलेजने फुटबॉलच बंद केला. बॉबचं कॉलेज अजून शिल्लक होतं, तो टल्साच्या कॉलेजकडून खेळायला निघून गेला.

मी कराडची आहे, म्हणून हे ऐकताना मला राहून राहून खाशाबा जाधव आठवत होते. कारण मॅटसन पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला आणि 400 मीटरला ब्राँझ, रिलेला सिल्व्हर घेऊन आला. त्याच हेलसिंकीत खाशाबांचं कुस्तीतलं ब्राँझ! दोघं एकाच गावात एकाच जुलैत होते की हो. खाशाबांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले हे आमच्याकडे पोरासोरांना माहितीये. मी ते तिथे कट्ट्यावर बसून भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, मग यांच्या कॉलेजने का नाही टाकलं काही गहाण?" मला काही उत्तर सुचेना. दादा म्हणाला, चला, थंडी वाजतीये.

तिथून फुल्टन स्ट्रीटच्या चढाने कॉलेजपर्यंत चालत गेलो, गुडघ्यांनी निषेध नोंदवला. सेंट इग्नेशियस चर्च सुंदर आहे, बाकी कॅम्पस सुट्टीत सामसूम. या टीमला कॉलेजने 2006 मध्ये मानद पदव्या दिल्या. 55 वर्षांनी! तोवर कितीतरी जण गेलेले. आपली सरकारी कामं उगाच बदनाम आहेत म्हणायची.

टोलरचा गुडघा 1952 मध्येच गेला, म्हणजे प्रोफेशनल खेळणं संपलं. मग हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि 1965 पासून एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल फुटबॉल लीगचा, पहिला काळा पंच. 1980 ची सुपर बाउल, म्हणजे त्या लीगची फायनल, होती पॅसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये, तिथे तो पंच म्हणून उभा होता. आणि 1951 ची डॉन्सची शेवटची मॅच, लोयोलाविरुद्ध 20-2, तीही त्याच मैदानावर झालेली. ज्यांना घरी ठेवून या म्हणाले होते त्यातलाच एक जण आता शिट्टी घेऊन.

भाचा म्हणतोय पुढच्या वेळी पॅसाडेनाला जाऊ. दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, एवढं ड्रायव्हिंग त्यालाच करावं लागणार ना. आउटलेट मॉलला मात्र त्याच संध्याकाळी जावंच लागलं.